ओलें जळण आणि उंसाची भट्टी

आषाढांतील झडीच्या दिवसांत ओल्या लाकडांवर स्वयंपाक उरकणें किती कष्टाचें असे, हें गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या पिढीला सांगून पटणार नाहीं. फुंकणीनें फुंकून फुंकून डोळ्यांस पाणी येई, घर धुरानें कोंदून जाई, आणि तरीहि भाताला उकळी फुटत नसे. जुन्या गृहिणीला मात्र एक युक्ति ठाऊक होती. उद्यांचीं ओलीं लाकडें ती आजच चुलीमागील भानवशीवर रचून ठेवी. आजचा जाळ उद्यांचें सरपण वाळवी. या साध्या युक्तींत एक शास्त्रीय तत्त्व दडलेलें होतें, आणि तें कारखान्याच्या भट्टींत उतरविण्यास मनुष्याला जवळजवळ दोन शतकें लागलीं. त्या तत्त्वावांचून नाशिक जिल्ह्यांतील साखरेचा कारखाना उभाच राहूं शकला नसता.

गोदावरी, कादवा, गिरणा, मोसम या नद्यांच्या कांठीं जेथें जेथें बारमाही पाणी मिळे, तेथें तेथें उंसाचे मळे असत, आणि दिवाळीनंतर त्या मळ्यांतून गुऱ्हाळें लागत. बैलांच्या चरकांतून रस निघे, जमिनींत खणलेल्या चुलवाणावर मोठी काहील चढे, आणि चरकांतून बाहेर पडलेलें चिपाड त्याच चुलवाणांत जळण म्हणून जाई. ऊंस आपला गूळ आपणच शिजवतो, असें वरवर पाहणाऱ्यास वाटे. पण वस्तुस्थिति इतकी सरळ नव्हती. चरकांतून नुकतेंच निघालेलें चिपाड ओलें असे. तें अंगणांत पसरावें, उलटावें, सांजेला गोळा करावें, आणि दोन-तीन दिवसांनीं वाळल्यावर चुलवाणापाशीं आणावें, असा क्रम होता. हें काम बहुधा बायकामुलांच्या वांट्यास येई. गुळाची पारख करणाऱ्या गुळव्याचें नांव होई. चिपाड वाळविणाऱ्या हातांची मोजदाद कोणी ठेवीत नसे.

या व्यवस्थेचा सारा भार सूर्यावर होता. माघ-फाल्गुनांत एखादे दिवशीं आभाळ भरून येई, गारांचा पाऊस कोसळे, आणि अंगणांतील चिपाड भिजून चिंब होई. इकडे रस तर काढलेला. उंसाचा रस थांबत नाहीं. कांहीं तासांतच तो आंबूं लागतो, आणि आंबलेल्या रसाच्या गुळाची ढेप नीट बांधत नाहीं. मग शेतकरी बांधावरची बाभूळ तोडी, शेणाच्या गोवऱ्या फोडी. शेताला मिळावयाचें खत चुलवाणांत जाई. वर्षभराच्या मेहनतीचें मोल एका सरीनें उतरे, आणि याचें कारण एवढेंच, कीं जळणांत पाणी होतें.

हें दुःख केवळ गोदाकांठचें नव्हे. सतराव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं बार्बाडोस बेटावर उंसाची लागवड आरंभली, तेव्हां रस आटविण्यासाठीं त्यांनीं तेथील अरण्यें तोडलीं. थोड्याच वर्षांत त्या लहानशा बेटावर लाकूड दुर्मिळ झालें, आणि त्यांना चिपाडाकडे वळावें लागलें. एका लांब भुयारी चुलीवर ओळीनें चार-पांच कढया बसवून एकाच जाळावर त्या सर्व तापविण्याची रीति वेस्ट इंडीज बेटांत रूढ झाली. परंतु जळण वाळविण्याचा प्रश्न तेथेंहि सुटला नाहीं. त्यासाठीं मोठमोठ्या पडव्या बांधाव्या लागल्या. तेथें राबत ते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम. आग सुधारली, पण आगीचें जळण मात्र उन्हाच्या आणि परक्या हातांच्याच आधीन राहिलें.

ओल्या जळणाची खरी अडचण कोणती, हें येथें समजून घेतलें पाहिजे. निम्मे पाणी असलेला एक किलो चोथा घेतला, तर त्यांत अर्धा किलो कोरडा भाग असतो, आणि तो पूर्ण जळल्यास सुमारें २,३०० किलोकॅलरी उष्णता देतो. उरलेल्या अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यास त्यांतील साधारण ३०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाणी खातें तें एकंदर उष्णतेच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढें. हा तोटा कांहीं प्राणघातक नाहीं. मग ओलें जळण पेटत कां नाहीं? कारण हा हिस्सा आधीं भरावा लागतो. पाणी अंगांत आहे तोंवर चोथ्याचें उष्णतामान १०० अंशांच्या फारसें वर चढत नाहीं, आणि पेट घेण्यास तर त्याच्या दुपटीहून पुष्कळ अधिक तापावें लागतें. ज्या आगीपाशीं पुरेशी उष्णता सांठलेली नाहीं, ती ओल्या जळणाच्या पहिल्याच भाऱ्याखालीं गारठते. धनको श्रीमंत असला तरी हातांत रोकड नसेल तर वायदा चुकतो, तसाच हा प्रकार आहे.

ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनें प्रथम तपासली गेली ती उंसाच्या नव्हे, तर चामड्याच्या धंद्यांत. अमेरिकेंतील चर्मालयांत ओक वृक्षाची साल कातडीं कमावण्यास वापरीत. सत्त्व निघून गेल्यावर राहिलेल्या सालीचे ढीग पडत, आणि त्यांत अर्ध्याहून अधिक पाणी असे. ती साल बॉयलरखालीं जाळण्याचे अनेक प्रयत्न झाले. थॉम्प्सन यांच्या भट्टींत विटांचीं सहा दालनें होतीं आणि माथ्यावरील भोकांतून साल आंत टाकली जाई. क्रॉकेट यांनीं भट्टी बॉयलरच्या पोटाखालीं न ठेवतां त्याच्या पुढें स्वतंत्र बांधली. न्यू जर्सींतील स्टीव्हन्स शिक्षणसंस्थेचे अध्यापक रॉबर्ट थर्स्टन यांनीं या दोन्ही भट्ट्यांवर प्रयोग करून १८७४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचें सार असें : ओल्या जळणाच्या राशीभोंवतीं सर्व बाजूंनीं तापलेल्या भिंती आणि पेटता विस्तव असावा, म्हणजे तें झपाट्यानें वाळेल, आणि जळण्याचा वेग वाळण्याच्या वेगाइतकाच असावा, त्याहून कदापि अधिक नसावा. आग घाई करूं लागली, कीं वाळलेला भाग भराभर जळून जातो आणि मागें उरते ती ओली, निर्जीव रास, जी कांहीं केल्या पेट घेत नाहीं.

भट्टी बॉयलरच्या पुढें बांधण्यांतील मर्म आतां ध्यानांत येईल. बॉयलरची पाठ पाण्याची, म्हणून ती ज्वाळेच्या मानानें थंडच असते. तिच्या लगत ओलें जळण टाकलें, तर आगीची उष्णता दोन्हीकडून ओढली जाते. उलट, भोंवतीं आणि डोक्यावर भट्टीच्या विटांची कमान असली, कीं ती कमान आधीं तापून लाल होते आणि नव्या जळणावर आपली उष्णता खालीं परत फेंकते. ही कमान म्हणजे उष्णतेची तिजोरीच होय. ओल्या भाऱ्याचा पहिला हिस्सा तीच भरते.

१८८० नंतर लुइझियाना, क्यूबा येथील साखर कारखान्यांत अशा भट्ट्यांचा प्रसार झाला आणि चोथा उन्हांत न घालतां गिरणींतून थेट भट्टींत जाऊं लागला. जावा बेटांत पायऱ्यांची उतरती जाळी पसंत पडली; तसलीच जाळी जर्मनींत ओलसर तपकिरी कोळशासाठीं वापरीत. वरच्या पायरीवर पडलेलें जळण खालून येणाऱ्या धगीनें वाळतें, सरकत सरकत मधल्या पायऱ्यांवर पेटतें, आणि तळाशीं पोंचेपर्यंत त्याची राख होते. पुढें धुराड्याकडे वायां जाणाऱ्या उष्णतेनें हवा तापवून तीच गरम हवा भट्टींत सोडूं लागले. थंड वारा जितका अधिक, तितकी ओली आग अधिक मरगळते, हेंहि अनुभवानें कळून आलें होतें.

याच सुमारास नाशिकच्या बाजूस पाण्याची व्यवस्था बदलली. नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघाले, आणि १९१६ सालीं दारणेचें धरण पुरें होऊन त्यांना भरंवशाचा पुरवठा मिळाला. कालव्यांच्या मुलखांत ऊंस वाढला. १९३२ मध्यें सरकारनें परदेशी साखरेपासून देशी धंद्यास कायद्यानें संरक्षण दिलें. १९३१-३२ सालीं सबंध हिंदुस्थानांत आधुनिक साखर कारखाने ३० च्या आसपास होते. पुढील पांच-सहा वर्षांत त्यांची संख्या १३० च्या वर गेली. त्याच लाटेंत वालचंद हिराचंद यांचा रावळगांवचा कारखाना १९३३ सालीं मालेगांव तालुक्यांत मोसमकांठच्या खडकाळ मुलखांत उभा राहिला.

आतां एक साधें गणित मांडून पाहावें. दिवसाला १,००० टन ऊंस गाळणाऱ्या कारखान्यांतून रोज २५० ते ३०० टन चोथा बाहेर पडतो, आणि त्यांत निम्मे पाणी असतें. तो गुऱ्हाळाप्रमाणें तीन दिवस उन्हांत वाळवावयाचा म्हटला, तर साडेसातशें ते नऊशें टनांच्या ढिगाला पुरेल एवढें अंगण हवें, तो उलटण्यास शेंकडों माणसें हवींत, आणि पावसाची एक सर आली तर सारा कारखाना बंद! आणि चोथा न वापरावा, तर लाकूड अथवा दूरच्या खाणींतील कोळसा आणावा लागे. त्या खर्चांत साखर कडूच झाली असती. अहोरात्र चालणारा साखरेचा कारखाना हा खरोखर ओलें जळण पचविणाऱ्या भट्टीच्या जिवावर चालतो.

अर्थात् सर्व श्रेय एकट्या भट्टीचें नव्हे. बैलांच्या लाकडी चरकाच्या जागीं १८७० नंतरच्या दशकांत बिहारमधील बिहिया येथील लोखंडी चरक आला. पुढें कारखान्यांतून ओळीनें मांडलेल्या, वाफेनें फिरणाऱ्या भक्कम लाटांच्या गिरण्या आल्या. लाटा जितक्या कसून पिळतील, तितका रस अधिक आणि चोथा कोरडा. म्हणून शेवटची लाट ही भट्टीचाच पहिला भाग मानली पाहिजे. आणि शेवटीं माणूस! भट्टीसमोर उभ्या असलेल्या आगवाल्याला हें सारें हातांनीं सांभाळावें लागे. वाफेचा दाब उतरूं लागला, कीं अधिक जळण ढकलण्याचा मोह होतो. पण ओल्या जळणाच्या बाबतींत हीच चूक घातक. जास्त ढकलावें, तितकी आग दबते आणि दाब आणखी उतरतो. तेथें संयम हेंच कौशल्य होतें.

१९५०-५१ च्या हंगामांत शेजारच्या जिल्ह्यांत प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि त्या मार्गानें पुढें नाशिक जिल्ह्यांतहि सहकारी कारखाने निघाले. भट्ट्याहि बदलल्या. नव्या भट्टींत चोथा हवेच्या झोतानें आंत उधळतात. तो जाळीवर पडण्यापूर्वींच अधांतरीं वाळतो आणि बराचसा तेथेंच जळतो. १९९० नंतर उच्च दाबाचे बॉयलर आले, तेव्हां त्याच चोथ्यापासून कारखाना चालून वर वीज उरूं लागली आणि ती विकतां येऊं लागली. ज्या वस्तूला एके काळीं अडगळ म्हणत, तिचा भाव ठरूं लागला.

गुऱ्हाळाच्या अंगणांत मात्र आजहि चिपाड उन्हांत पसरलेलें दिसतें, आणि अवकाळी आभाळाकडे शेतकरी त्याच धास्तीनें पाहतो. कारखान्याच्या भट्टीनें जें साधलें, तें लहानशा चुलवाणाला अद्याप पुरतें लाभलेलें नाहीं. तप्त विटांची कमान, आटोपशीर वारा आणि धुराड्याकडे जाणाऱ्या धगीवर पुढचें जळण वाळविण्याची सोय, या गोष्टी मुळांत फार मोठ्या नाहींत. भानवशीवर लाकडें रचणाऱ्या गृहिणीला त्यांतील मर्म केव्हांच उमगलें होतें. तें आतां मळ्यांतील चुलवाणापर्यंत पोंचावयाचें राहिलें आहे.