खेळांतले गाव आणि हरवलेले कर्ज

ग्रामीण जीवनाच्या चित्रणाची चर्चा आपण बहुधा कथा-कादंबरी व कविता यांच्यापुरतीच करतो. परंतु गेल्या तीन दशकांत व्हिडिओ गेमनेही गावाची एक प्रतिमा घडवली आहे आणि तिची वंशावळ थेट गोपकाव्यापर्यंत नेता येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थिओक्रिटसने सिसिलीतल्या गुराख्यांना काव्यात आणले, ते नागर रसिकांसाठी.

युद्धोत्तर आर्थिक भरभराटीत जपानची खेडी ओस पडू लागली. अशा प्रदेशांसाठी १९७० साली तिथे खास कायदा करावा लागला. क्युशूच्या ग्रामीण भागात वाढून टोकियोत आलेल्या यासुहिरो वादा यांनी १९९६ मध्ये ‘हार्वेस्ट मून’ हा खेळ घडवला. आजोबांचे पडीक शेत पुन्हा उभे करायचे, गावच्या सणांत मिसळायचे, लग्न करायचे. लढाई नाही. त्यापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेच्या एरिक बॅरोन यांनी एकहाती रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला. त्याचा नायक कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर परततो.

दोन्ही खेळांत वादळ पीक झोडपते, श्रमाने माणूस थकतो. निसर्ग अगदीच गोंडस नाही. मात्र माल पेटीत टाकला की ठरलेल्या भावाने पैसे मिळतात. जमीन वारशाने आलेली, तिच्यावर बोजा नाही. दलाल नाही, सावकार नाही.

याउलट २००८ मध्ये सुरू झालेली ‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही स्विस मालिका पाहावी. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत बँकेचे कर्ज आहे, व्याज आहे, चढउतार होणारे भाव आहेत, नामांकित कंपन्यांचे ट्रॅक्टर आहेत. परंतु ज्याच्याशी नाते जडावे असा शेजारी तिथे जवळजवळ नाही. थोडक्यात, जिथे गाव आहे तिथे कर्ज नाही आणि जिथे कर्ज आहे तिथे गाव नाही.

ही फारकत मराठी वाचकाला विशेष जाणवावी. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्ज हा केवळ हिशेबाचा आकडा नाही, सावकार, भटभिक्षुक, सरकारी अंमलदार आणि कुणबी यांना बांधणारा तो सामाजिक संबंध आहे. खेळांनी कर्जाचे गणित घेतले वा गावाचा जिव्हाळा घेतला. हा संबंध मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत निसटला. ग्रामीणतेच्या कोणत्याही चित्रणाला, मग ते पुस्तकात असो वा पडद्यावर, पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: यातला शेतकरी कोणाचे देणे लागतो?