टल्सा येथील पुरलेली मोटार

न वापरता जपलेल्या वस्तूचे मूल्य काळागणिक वाढते, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील टल्सा शहराचा अनुभव निराळा आहे. ओक्लाहोमा राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९५७ साली तेथे एक कोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर मोटार काँक्रीटच्या भुयारात पुरण्यात आली. पुढे पेट्रोलवर चालणारी वाहने कालबाह्य होतील, या शंकेने सोबत पेट्रोलही ठेवले होते. २००७ साली भुयार उघडले, तेव्हा आत पाणी साचलेले आढळले. मोटार पुरती गंजली होती. वाहन म्हणून ती निकामी ठरली. तथापि, पन्नास वर्षांपुढचा विचार करणाऱ्यांना भुयारात पाणी झिरपेल हे सुचले नव्हते, याची साक्ष ती देते. म्हणून त्या गंजालाही आम्ही इतिहासाचे साधन मानतो.