शब्दवेध: रोपण

‘रोपण’ हा शब्द संस्कृत ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे या धातूच्या प्रयोजक रूपावरून आला. ‘रोप’, ‘आरोहण’ आणि ‘आरोप’ यांचे मूळही तेच. कर्जतच्या शेतात कांद्याचे होते ते रोपण आणि दवाखान्यात गुडघ्याचे होते तेही रोपणच. आयुर्वेदात जखम भरून आणण्याला ‘व्रणरोपण’ म्हणतात. आधुनिक शल्यशास्त्रात मात्र बाहेर घडवलेला भाग शरीरात बसवणे, असा अर्थ रूढ झाला. कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडावर धातूचे आवरण, नडगीवर बैठक आणि मधे पॉलिएथिलीनचा थर असतो. पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी विकसित केलेला असा सांधा ‘इंडस’ नावाने ओळखला जातो. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांत धातूच्या सच्छिद्र पृष्ठभागात हाड खरोखरच वाढते.