रक्त पातळ करणारी गोळी नेमकं काय करते?

‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात या गोळीने रक्त पातळ होत नाही, त्याची गुठळी होण्याची क्रिया मंदावते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हार्ट अटॅकनंतर किंवा स्टेंट बसवल्यावर त्या देतात. वॉरफॅरिन आणि ॲसेनोकुमारोलचं काम वेगळं. व्हिटॅमिन ‘के’च्या मदतीने यकृतात रक्त गोठवणारे घटक तयार होतात, त्यालाच या गोळ्या खीळ घालतात. वॉरफॅरिन १९४८ मध्ये बाजारात आलं ते चक्क उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांसाठी ते १९५४ पासून वापरात आलं.

त्यामुळे मात्रेला महत्त्व. ती ठरते आयएनआर या रक्ततपासणीवरून. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचा २ ते ३ ठेवतात, हृदयात धातूची झडप असलेल्या काहींचा थोडा जास्त. आकडा घसरला की गुठळीची भीती, फार चढला की रक्तस्रावाची.

पालक, मेथी बंद करा असं सर्रास सांगितलं जातं. तशी गरज नसते. महिनाभर पालेभाजी नाही आणि मग आठवडाभर रोज, असं केलं की आकडा हलतो. खरा धोका दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा आहे. काही अँटिबायोटिक्सही आयएनआर वाढवतात. दात काढायचा म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नये, आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळ्यांना नियमित आयएनआर लागत नाही. मात्र धातूची झडप असणाऱ्यांना त्या चालत नाहीत.

यातली कुठलीच गोळी झालेली गुठळी विरघळवत नाही. त्यासाठी अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज ही इंजेक्शनं असतात, ती रुग्णालयातच देतात. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावी लागतात, तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून लकवा मारलेल्या माणसाला घरीच ॲस्पिरिन देऊ नये. रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाइकांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात : रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, आणि रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे?