पुण्यातली लोकर: मेंढीपासून कॅशमिलॉनपर्यंत

पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत ‘लोकर’ मागितली की जी गुंडी हातात पडते, तिच्यात मेंढीच्या केसांचा अंश बहुधा नसतो. ती ॲक्रिलिकची असते. विकणारा आणि घेणारी, दोघांनाही हे ठाऊक असते, आणि तरी शब्द लोकर हाच राहिला आहे. त्यामागे हातविणकामाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. या काळात अस्सल लोकर मध्यमवर्गीय घराला क्वचितच सहज परवडली. ज्या धाग्यावर पुण्याचे विणकाम वाढले, तो बहुतेक वेळा पर्यायी धागाच होता.

वास्तविक पुण्याच्या आसपास मेंढ्यांची उणीव कधीच नव्हती. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे पुणे जिल्ह्यातूनच जातात. पण त्यांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, आखूड, भरड आणि बरीचशी काळी असते. वर्षाकाठी एका मेंढीची जेमतेम अर्धा किलो निघते. सणगर आणि खुटेकर कारागीर तिचे सूत कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत. दाबून केलेल्या बुरणुसाची नोंद १८८५ सालच्या गॅझेटियरमध्ये पुण्याच्या कारागिरीत आढळते. पावसापाण्यात, रानात आणि अंथरुणाला ही लोकर उत्तम. मात्र ती अंगाला टोचते. तान्ह्या मुलाचे टोपरे तिचे करता येत नाही. सोवळ्याला धाबळी चाले म्हणून लोकरीचा मान ब्राह्मण घरांतही होता, पण तो मागावर विणलेल्या कापडाचा. दोन सुयांवर टाके घालायला जो मऊ, लवचीक, सारख्या जाडीचा धागा लागतो, तो इथल्या मेंढीकडे नव्हता. दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुले नरांशी संकर करून लोकर मऊ करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात सरकारी प्रक्षेत्रांवर झाले. पुण्याच्या दुकानांतल्या गुंडीपर्यंत मात्र त्यातले काही पोहोचले नाही.

सुयांवरचे आणि क्रोशाचे विणकाम पश्चिम महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात आले, ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि युरोपीय कुटुंबांकडून. पुण्याला लष्कराची छावणी असल्याने हा संपर्क जवळचा होता. पुढे स्त्रीशिक्षणाच्या देशी संस्थांनीही हातकामाला जागा दिली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. विधवेला किंवा परित्यक्तेला चार पैसे मिळवून देणारी विद्या म्हणून शिवण-विणकामाकडे पाहिले जाई. तिथे मालाच्या किमतीला फार महत्त्व होते: लोकर महाग पडली की विणणाऱ्या बाईच्या हाती मजुरी उरत नसे.

मऊ लोकर तेव्हा विलायतेहून येई. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि स्वदेशी मालाची निकड घराघरांत पोहोचली. विलायती लोकरीला देशात होणारा पर्याय उत्तरेकडे तयार होता. कानपूरची लोकर गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘लाल इमली’, १८७६ मध्ये सुरू झाली होती आणि पंजाबातली धारीवालची १८८० मध्ये. दोन्हींचे भांडवल इंग्रजांचे होते, पण माल देशात तयार होई. धारीवालचे नाव पुढे विणकामाच्या लोकरीशी असे जोडले गेले की जुन्या पिढीतल्या बायका ते लोकरीच्या पोताची खात्री म्हणून घेत.

पुण्याची थंडी हाही या इतिहासातला एक भाग आहे. १७ जानेवारी १९३५ रोजी इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. असा कडाका विरळाच. एरवी दोन-अडीच महिन्यांची गुलाबी थंडी, तीही सकाळ-संध्याकाळची. एवढ्यासाठी घरातल्या प्रत्येकाला नवी लोकर कोण घेणार? म्हणून नवी, मऊ लोकर घेतली जाई ती बाळंतविड्यासाठी: टोपरे, झबल्यावरचा स्वेटर, पायमोजे. मोठ्यांच्या वाट्याला उसवलेली लोकर येई.

उसवणे हा या कलेतला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त पर्याय, आणि त्याचे स्वतःचे शास्त्र होते. आधी बाजूच्या शिवणी सोडायच्या, मग जिथे टाके बंद केले असतील तिथून धागा काढायचा. तो खुर्चीच्या पाठीभोवती किंवा उलट्या पाटाच्या पायांभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची. ओली लडी टांगून खाली हलके वजन अडकवले की धाग्यातले नागमोडी वळण निघून जाई. कोपरापाशी झिजलेला धागा काढून टाकावा लागे. कमी पडलेला धागा दुसऱ्या रंगाने भरून निघे. जुन्या छायाचित्रांतल्या कितीतरी पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरांमागे हौसेइतकीच ही काटकसर असावी. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणण्याची पद्धतही यासाठीच सोयीची, कारण कड विरली की तेवढीच उसवून पुन्हा विणता येते, आणि मूल वाढले की बाही लांबवता येते. हे ज्ञान लिहिले गेले नाही, सासू-सुनांच्या आणि शेजारणींच्या हातांतून पुढे गेले. त्याची नोंद व्हायला हवी होती.

दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांची लोकर मोठ्या प्रमाणावर लष्कराकडे वळली आणि उसवणे सक्तीचेच झाले. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७च्या सुमारास, परकीय चलनाच्या टंचाईने आयात आणखी आवळली गेली. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशभर जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले गेले.

सुताचा पर्याय या सगळ्या काळात शेजारीच होता. क्रोशाने रुमाल, टेबलक्लॉथ, तोरणे सुती दोऱ्यात होत. पण सुताला लोकरीची लवचीकता नाही. सुती स्वेटर धुतल्यावर लोंबतो आणि मनगटाची कड सैल पडते.

खरा पालट ॲक्रिलिकने केला. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीने १९५० मध्ये ‘ऑरलॉन’ बाजारात आणला; जपानच्या आसाही कंपनीच्या धाग्याचे नाव ‘कॅशमिलॉन’. भारतात हे दुसरे नाव इतके रुळले की कोणत्याही ॲक्रिलिक लोकरीला कॅशमिलॉन म्हटले जाऊ लागले. बडोद्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने पुढे ॲक्रिलिक तंतू देशातच बनवला आणि लुधियानाच्या गिरण्यांनी त्याच्या रंगीबेरंगी गुंड्या देशभर पोहोचवल्या. या धाग्यात आकसणारे आणि न आकसणारे तंतू एकत्र कातलेले असतात. वाफ लागली की पहिले आकसतात, दुसरे फुगून बाहेर येतात आणि धागा लोकरीसारखा फुगीर होतो. त्याला कसर लागत नाही, तो घरी धुता येतो, टोचत नाही. मात्र त्यावर गोळे येतात आणि गरम इस्त्री फिरली की त्याचा जीव जातो. तो पुन्हा फुगत नाही.

एका धाग्याऐवजी दुसरा घेताना अनुभवी विणणारी आधी पदर पाहते: दोन, तीन की चार पदरी. मग चार इंचांचा तुकडा विणून इंचात किती टाके बसतात ते मोजते आणि त्यानुसार सुईचा नंबर बदलते. वजनावर मात्र विसंबता येत नाही. घनता लोकरीची सुमारे १.३१, ॲक्रिलिकची १.१७, सुताची १.५४. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या आणि लांबीच्या धाग्याला जिथे १०० ग्रॅम लोकर लागते, तिथे ॲक्रिलिक ९० ग्रॅमच्या आसपास पुरते आणि सूत जवळजवळ ११८ ग्रॅम लागते. वजनाऐवजी लांबीचा हिशेब धरला की माल कमी पडत नाही.

स्वस्त रंगीत धाग्याने विणकामाचे काम पालटले. तयार स्वेटर सर्वत्र मिळू लागले, हिवाळ्यात तिबेटी विक्रेतेही ते घेऊन पुण्यात येऊ लागले आणि घरी स्वेटर विणण्याची गरज ओसरली. लोकर आता ताटाभोवतीच्या महिरपीत, देवाच्या आसनात, दाराच्या तोरणात, गौरी-गणपतीच्या सजावटीत दिसते. तिथे उबेचा प्रश्न नाही. रंग टिकला म्हणजे झाले, आणि त्यासाठी ॲक्रिलिक अस्सल लोकरीहून सरस आहे. अलीकडे क्रोशाच्या बाहुल्यांसाठी ‘मिल्क कॉटन’ नावाने मऊ मिश्र धागा घेतला जातो. दरम्यान घोंगडीची मागणी घटली आणि दख्खनी लोकरीला कातरणीची मजुरी निघण्याइतकाही भाव मिळेनासा झाला. कातरलेली लोकर अनेकदा माळावरच टाकून देऊन मेंढपाळ वाडा पुढे हलवतात.