सर्वोपयोगी झूम लेन्स : कोयनानगर परिसरातील वापर

विस्तृत निसर्गदृश्यापासून दूरच्या तपशिलापर्यंत सर्व प्रकारची छायाचित्रे घेता येणारी, केंद्रांतर बदलणारी लेन्स. एपीएस-सी संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी १८-१३५ व १८-२०० मिमी, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यांसाठी २४-१०५ व २८-२०० मिमी ही तिची प्रचलित मापे होत. १८-२०० मिमी लेन्सचा झूम सुमारे ११ पट असतो आणि तिचा दृश्यकोन ७६ अंशांपासून ८ अंशांपर्यंत आकसतो.

इतिहास : ३५ मिमी स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, फोइग्टलेंडर झूमार (३६-८२ मिमी), १९५९ मध्ये बाजारात आली. टॅमरॉनच्या २८-२०० मिमी लेन्समुळे १९९२ पासून हा प्रकार हौशी प्रवाशांच्या हाती आला. २००५ मध्ये निकॉनने १८-२०० मिमी लेन्सला कंपनरोधक यंत्रणेची जोड दिली.

कोयनानगरातील उपयोग : सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील या गावाभोवती छायाचित्रणाचे विषय वेगवेगळ्या अंतरांवर विखुरलेले आहेत. शिवसागर जलाशय व त्यामागच्या सह्याद्रीच्या रांगा १८ ते २४ मिमीमध्ये मावतात. नवजाजवळच्या ओझर्डे धबधब्याला पाण्याच्या लोटानुसार चौकट कमीजास्त करावी लागते. वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या दूर उभे राहून १५० ते २०० मिमीने टिपल्या, तर एकमेकींना खेटून उभ्या असल्यासारख्या दिसतात. शेकरू जवळच्या झाडावर आले तर २०० मिमी पुरते. दूरच्या धनेशासाठी ४०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स लागते.

एकाच लेन्सचा खरा लाभ पावसाळ्यात होतो. नवजाला अनेक वर्षी ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. अशा धुक्यापावसात लेन्स बदलण्यासाठी कॅमेरा उघडला, तर संवेदकावर थेंब व दमट हवा जाण्याचा धोका असतो. तो या लेन्समुळे टळतो.

मर्यादा : या लेन्सचे कमाल छिद्र मोठ्या केंद्रांतराला सहसा एफ/५.६ किंवा त्याहून लहान होते. एफ/२.८ च्या तुलनेत एफ/५.६ ला चौथा हिस्साच प्रकाश मिळतो, त्यामुळे ढगाळ जंगलात आयएसओ वाढवावा लागतो. कंपनरोधकाने हाताची थरथर सावरते. वाऱ्याने हलणारे पान मात्र त्याने स्थिर होत नाही. रुंद टोकाला सरळ रेषा बाहेर फुगतात, लांब टोकाकडे आत वाकतात. हे दोष संगणकावर बरेचसे दुरुस्त होतात.

वापर व निगा : धबधब्याच्या धारा रेशमी दिसाव्यात म्हणून तिपाईवरून पाव ते एक सेकंदाचे उद्भासन द्यावे व कंपनरोधक बंद ठेवावा. ओल्या पानांवरची चमक ध्रुवणकारी फिल्टरने कमी होते. झूम करताना नळी बाहेर येते व आत जाताना पाणी ओढू शकते. म्हणून ती आधी कोरड्या फडक्याने पुसावी. घरी परतल्यावर लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवल्यास बुरशी टळते. धरण व वीजनिर्मितीच्या परिसरात सुरक्षानियम पाळावेत आणि परवानगीखेरीज छायाचित्रण करू नये. कोयना अभयारण्य हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने तेथे वनविभागाचे नियम लागू होतात.

मूल्यमापन : सुस्पष्टतेत व प्रकाशग्रहणात एकच केंद्रांतर असलेली चांगली लेन्स सरस ठरते. तरीही पावसाळ्यात कोयनानगरला एकच लेन्स न्यायची असेल, तर सर्वोपयोगी झूम हीच योग्य निवड होय.