फुकट आहे, पण निर्णय कोणाचा?

मंडळी, डिलाईल रोडवर आता मंडळाची, पतपेढीची, वाचनालयाचीसुद्धा वेबसाईट असते. तिच्या सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, हे मला बरेच जण विचारतात. "लिनक्स टाका, फुकट आहे" एवढं सांगून भागत नाही. डेबियन, उबुंटू, रॉकी, अल्मा सगळीच फुकट मिळतात. मग निवडायचं कसं? त्यासाठी थोडा इतिहास सांगतो.

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. पण नुसत्या कर्नलवर सर्व्हर चालत नाही. बाकीचे प्रोग्राम जुळवायचे, तपासायचे आणि पुढे कित्येक वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवायच्या, हे काम कोणीतरी करत राहावं लागतं. आपण निवडतो ती खरं तर ही माणसं.

सेंटओएसचं काय झालं बघा. रेड हॅट कंपनी आपलं लिनक्स पैसे घेऊन द्यायची, पण सोर्स कोड खुला होता. त्यावरून स्वयंसेवकांनी २००४ मध्ये सेंटओएस उभं केलं. माल तोच, पैसे शून्य. जगभरच्या होस्टिंगवाल्यांनी ते उचललं. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्पच आपल्याकडे घेतला आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार असं लोक धरून होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं, की २०२१ च्या अखेरीस बंद!

गिरणीच्या गेटला कुलूप लागणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. घाम एकाचा, निर्णय दुसऱ्याचा. पण इथे एक मोठा फरक होता. गिरणीतला माग कामगाराला उचलून नेता आला नाही. कोड मात्र खुला होता, म्हणून तो नेता आला. २०२१ मध्येच अल्मा आणि रॉकी ही दोन नवी लिनक्स तयार झाली. रॉकी हे नाव सेंटओएसच्या एका दिवंगत सहसंस्थापकाच्या स्मरणार्थ आहे.

डेबियनची गोष्ट वेगळी. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये ते सुरू केलं. त्यांचा १९९७ चा लेखी सामाजिक करार आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतदानाने ठरतो आणि मालक कंपनी नाही. उबुंटू डेबियनवरच उभं आहे, पण ते कॅनॉनिकल कंपनीचं. आपल्या सी-डॅकने केलेलं 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं.

आपल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत ते पुढे होते. संघटना सभासदांच्या मतावर चालावी, हा विचार या रस्त्याला नवा नाही.

माझं मत सांगतो. लहान संस्थेने डेबियन घ्यावं. एका आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. एखादं सॉफ्टवेअर रेड हॅटच्या धाटणीचंच लिनक्स मागत असेल, तर अल्मा किंवा रॉकी. तुमच्याकडे सांभाळणारा मुलगा उबुंटूच जाणत असेल, तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती. जे कोणाला सांभाळता येत नाही ते कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही.

आणि एक काम आजच करा. तुमच्या वेबसाईटवाल्याला फोन करून विचारा, सर्व्हरवर काय आहे? उत्तर 'सेंटओएस ७' आलं तर त्याच्या मोफत दुरुस्त्या ३० जून २०२४ लाच थांबल्या आहेत. साईट चालू दिसते म्हणून कोणाला कळत नाही. पण पतपेढीच्या सभासदांची नावं, पत्ते, खाती त्याच सर्व्हरवर असतील, तर हा विषय पुढच्या मीटिंगपर्यंत ठेवू नका.